आधी काम ठरवा, मग नोकरी शोधा

(युवक शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्त्याने केलेलं भाषण. टिपणांवरून लिहून काढलं आहे.)



दहावी-बारावीला बसलेली, आयटीआयला असलेली, शाळा सुटून सालदारकीला लागलेली, अशी सगळी पोरं-पोरी आज इथे आहेत. काल रात्री गटागटात एकच प्रश्न विचारला होता, पुढे काय करायचं? बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच शब्द आला, ‘नोकरी’. कोणती? ‘कुठलीही, सरकारी’.

यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या बापाने वर्षाचं साल धरून दुसऱ्याच्या गोठ्यात जन्म काढला, त्याला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार म्हणजे काय ते कळतं. नोकरी करू नका, सगळे संघटनेत पूर्णवेळ या, असं सांगायला मी उभा नाही. घरची चूल पेटलीच पाहिजे. पण जो ‘कुठलीही’ म्हणतो, त्याला दुसरा कोणीतरी कुठेही नेऊन बसवतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी काम ठरवा. मग त्या कामाची नोकरी मिळते का ते बघा.

काम ठरवायचं कसं? आपल्या गावाकडे नीट बघायचं. गावाचं कुठे अडतं ते बघायचं.

जमिनीचंच घ्या. १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा आपण सगळे तोंडाने म्हणतो. त्यात आहे काय? १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत आदिवासीची जी जमीन बिगरआदिवासीकडे गेली, ती परत मिळण्याची सोय त्यात आहे. परत घेताना किती पैसे द्यायचे तेही लिहिलं आहे: जमिनीच्या आकाराच्या ४८ पट. समोरच्याने विहीर, बांध अशी काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत वेगळी, आणि ती कलेक्टर ठरवणार, सावकार नाही. आता सातबाऱ्यावर आकार ४ रुपये ५० पैसे असेल, तर ४८ पट किती? २१६ रुपये. एवढा गुणाकार इथल्या प्रत्येकाला येतो. पण ज्या म्हाताऱ्याला तो येत नाही, त्याला ‘हजारो रुपये भर, मग बघू’ असं कोणी सांगितलं की तो मुकाट्याने घरी जातो.

पुढचं ऐका. या कायद्याखालच्या प्रकरणात वकिलाला उभं राहता येत नाही, कोणत्याच बाजूच्या. ज्यांच्या हातातून जमीन जाणार होती ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. डिसेंबर १९८४ मध्ये कोर्टाने कायदाही उचलून धरला आणि वकीलबंदीही. आपल्यासाठी हे चांगलंच झालं, कारण मोठा वकील त्यांना परवडतो, आपल्याला नाही. पण सुनावणीच्या दिवशी चित्र काय दिसतं? समोरचा शिकलेला, कचेरीत रोजची उठबस असलेला. आपला म्हातारा अंगठेबहाद्दर, साहेबाने मराठीत विचारलं की भिलीत पुटपुटणारा. कायद्याने वकील बाहेर काढला, पण म्हाताऱ्याच्या शेजारी बसून कागद वाचणारा माणूस काही कायदा देत नाही. तो आपल्याच पाड्यातून यावा लागतो.

सातवर नाव कोणाचं आहे, ते कोणत्या फेरफाराने चढलं, तो फेरफार सहा नंबरच्या वहीत कोणत्या तारखेला पडला, बारावर पीक कोणी घेतलं म्हणून लिहिलंय, या चार गोष्टी ज्याला वाचता येतात त्याला निम्मी वकिली आली. त्याला अजून काळा कोट लागलेला नाही.

दुसरं काम मोजणीचं. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. बांध काही एका रात्रीत सरकत नाही, दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकतो. ३३० फुटांचा बांध १० फूट आत आला की तीन गुंठे गेले. हमीच्या कामावरही तेच. १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट उंच खडीचा ढीग म्हणजे एक ब्रास. मुकादमाने वहीत पाऊण ब्रास लिहिला तर पाव ब्रासची मजुरी कोणाच्या खिशात गेली? ज्या पोराला शाळेत गणित आवडतं त्याने आयटीआयचा सर्व्हेअरचा दोन वर्षांचा कोर्स बघावा. मोजणी खात्यात लागला तर पगार आहे. नाही लागला तरी गावाला टेप धरणारा माणूस मिळाला.

तिसरं काम बायांना ठाऊक आहे. दवाखान्यात आपली बाई दुखणं भिलीत किंवा पावरीत सांगते आणि समोरच्या नर्सबाईला ते कळत नाही. आपली एक पोरगी दोन वर्षांचं एएनएमचं शिक्षण घेऊन आली तर किती फरक पडेल? इथे बापांनाही सांगतो. पोरगी दहावीला बसली की देज ठरवायची घाई करू नका. काही वर्षं थांबलात तर काही बिघडत नाही.

म्हणजे प्रत्येकाने स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. गावाचं कुठे अडतं? त्यातलं कोणतं काम मला कोणी न सांगता करावंसं वाटतं? आणि ते शिकायला किती वर्षं, किती पैसा लागेल, तोवर घर कोण ओढेल? तिसरा प्रश्न सोडून दिला की पहिले दोन हवेत राहतात. वकील व्हायचं तर पदवी आणि वर तीन वर्षं. तेवढा दम घरात नसेल तर आधी मास्तरकीचं शिक्षण घेऊन मास्तर व्हा, पुढचं शिक्षण पगारावर करा. वाट लांबली म्हणजे चुकली असं नाही. बोर्डाला गणितात किंवा इंग्रजीत गेलात तर पुरवणी परीक्षेला बसा. नापास झाला की पोरगा थेट ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढतो, ते बंद झालं पाहिजे. जातीचा दाखला आतापासून काढून ठेवा. ऐन वेळी धावपळ करून जागा घालवू नका.

आता एक कडू गोष्ट. आपल्यातलीच पोरं फॉरेस्ट गार्ड होतात, आणि खाकी घालून नेवाडावर येतात, औत जप्त करायला. मग गाव म्हणतं, शिकला आणि परका झाला. मी म्हणतो, गार्ड जरूर व्हा. पण पंचनाम्यावर आणि दंडाच्या पावतीवर खरं नाव, खरं वर्ष लिहा. सरकारच्या १९७८ च्या ठरावात ३१ मार्च १९७८ पर्यंतची कसणूक धरली होती. तुमच्या लेखणीने एक वर्ष इकडचं तिकडे झालं, तर एका घराची जमीन जाते. खरं लिहिलंत तर राहते. खुर्चीवर बसल्यावर बाकावर ताटकळलेला म्हातारा तुम्हाला दिसतो की नाही, यावरून तुमचं शिक्षण कळेल.

अंबरसिंग महाराज १९७४ साली गेले. त्यांनी लोकांना उठून उभं राहायला शिकवलं. उभं राहून आपला कागद आपण वाचणं, ते काम तुमच्या पिढीचं.

म्हणून घरी जाताना एक काम घेऊन जा. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या पाड्यातल्या पाच घरांचे सातबारा उतारे आणायचे. तलाठी आज नाही, उद्या या म्हणाला तर उद्या जायचं, परवा म्हणाला तर दोघांनी मिळून जायचं. आणि एका कागदावर तीन ओळी लिहून आणायच्या: मी कोणतं काम शिकणार, कुठे शिकणार, आणि या पावसाळ्याआधी त्यातलं पहिलं काय करणार. ‘कुठलीही’ हा शब्द त्या कागदावर चालणार नाही.

जिंदाबाद!