जन्मतारीख मीच खोटी टाकली होती

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘मारधाडीचे गेम, आपली मुलं आणि आपण’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि मला स्वतःला अजून मूलही नाही. तेव्हा उपदेश करण्याचा माझा अधिकार कमीच. पण माझ्या हातून एक चूक झाली होती. ती सांगितली तर तुमच्या उपयोगाला येईल, म्हणून उभी आहे.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली. माझ्या आपाच्या घरी एकच स्मार्टफोन, तोही दुल्हाभाईंसोबत बाहेर. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. मी माझा जुना फोन त्याला दिला आणि खातं उघडायला बसले. खरी जन्मतारीख टाकली की ‘पालकाचं खातं जोडा’, ‘संमती द्या’ अशी पानं येऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग होता. मी मागे गेले आणि जन्मसाल टाकलं १९९५. दोन मिनिटांत काम झालं. आपा म्हणाली, “घरात शिकलेलं माणूस असलं की किती बरं असतं!”

चार वर्षांनी, रात्री अकरा वाजता, आपाचा फोन आला. ती रडत होती. मुलगा रात्री अंथरुणात बसून “मार, मार त्याला” असं ओरडतो. तिने फोन हिसकावला तर त्याने ताट भिरकावलं आणि दोन दिवस बोलला नाही. “तू कम्प्युटरवाली ना? ये आणि ते बंद करून जा.”

मी गेले आणि गेम काढून टाकला. भाचा एक शब्द बोलला नाही. आठवड्याच्या आतच तो गल्लीतल्या मित्राच्या फोनवर तोच गेम खेळताना सापडला. मग मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “मला शिकव.” शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. मी उतरल्या उतरल्या मेले. खूप दिवसांनी तो हसला.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या फोनचं खातं उघडून पाहिलं आणि ते १९९५ दिसलं. त्या फोनच्या लेखी माझा तेरा वर्षांचा भाचा एकोणतीस वर्षांचा होता. वयाची अट असलेलं सगळं त्याला खुलं होतं. दार मीच उघडं ठेवलं होतं, आणि चार वर्षं मुलाला बोलणी बसत होती.

आता हे वयाचं लेबल म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेत १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या रक्तरंजित गेमवरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. सरकारने कायदा करण्याआधीच उद्योगाने १९९४ साली स्वतःचं मंडळ काढलं, ईएसआरबी. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या गेमला ईएसआरबीने सतरा वर्षांपुढचं आणि पेगीने अठरा वर्षांपुढचं लेबल दिलं आहे. आपल्याकडचे किती सातवी-आठवीतले मुलगे तो खेळतात, हे तुम्ही घरी जाऊन विचारा.

भारतात सिनेमासाठी सेन्सॉर बोर्ड आहे. गेमसाठी तसं सरकारी मंडळ नाही. २०२५ साली ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. मग प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे दिसतात ते येतात कुठून? अ‍ॅप बनवणारा एक प्रश्नावली भरतो. हिंसा आहे का, रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का. उत्तरांवरून आकडा आपोआप निघतो. मी आमच्या कंपनीच्या एका अ‍ॅपसाठी ही प्रश्नावली स्वतः भरली आहे. चहा संपायच्या आत झाली. चुकीची माहिती भरली आणि ती उघडकीला आली तर आकडा बदलतो, पण सुरुवात बनवणाऱ्याच्या शब्दावर होते.

म्हणजे लेबल निरुपयोगी आहे का? नाही. औषधाच्या बाटलीवर वय लिहिलेलं असतं तसं हे पालकासाठी लिहिलेलं आहे. अडचण अशी की ते इंग्रजीत, बारीक अक्षरात असतं आणि घरातला मोठा माणूस ते वाचत नाही. इन्स्टॉलचं बटण मूल दाबतं. काही गेममध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, ओटीपी येतो. तो ओटीपी येतो अम्मीच्या नंबरवर, आणि अम्मीचा फोन असतो मुलाच्या हातात.

आता मोठा प्रश्न. गेम खेळून मुलं हिंसक होतात का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली आपली भूमिका सुधारून मांडली. गेममुळे खरी हिंसा घडते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, मात्र ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी लहानसा संबंध दिसतो. त्याआधी २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीनांना हिंसक गेम विकायला बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला होता. तेव्हा “गेम खेळतो, उद्या खून करील” ही भीती मनातून काढा. पण ओरडणं, अर्धवट झोप, गेममधल्या कपड्यांवर आणि बंदुकांवर उडणारे पैसे, हे आपल्या घरात दिसतं आहे, आणि त्यासाठी संशोधन वाचायची गरज नाही.

बंदीचा उपायही आपण पाहिला. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली, खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅप बंद केली. त्यामागे देशाच्या सुरक्षिततेचं आणि माहितीच्या गोपनीयतेचं कारण होतं, मुलांचं वय नव्हे. पुढच्याच वर्षी तोच खेळ नव्या नावाने परत आला. मुलं मधल्या काळात दुसरे गेम खेळत होती.

आता जे सांगणार आहे ते कोणत्याही लेबलवर नाही. भाच्यासोबत महिनाभर अधूनमधून खेळल्यावर एके दिवशी तो म्हणाला, “खाला, मी माइक बंद ठेवून खेळतो.” का, विचारलं. तर गेममध्ये अनोळखी लोकांसोबत टीम होते, ते नाव विचारतात. याने नाव सांगितलं की काही जण आपल्या समाजावरून घाण घाण बोलायचे. पाकिस्तानात जा म्हणायचे. तो अकरा वर्षांचा असल्यापासून हे ऐकत होता. एकदा त्याने दुसरंच नाव सांगून पाहिलं, तर सगळे नीट बोलले.

मी विचारलं, “अम्मीला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तिने फोनच काढून घेतला असता.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. पडद्यावरचं रक्त किती, हे मोजायला प्रश्नावली आहे. कानात कोण काय बोलतं, त्याबद्दल फक्त “खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात” एवढी एक ओळ. आणि गेममध्ये शत्रू म्हणून कोण दाखवलाय, याचा तर रकानाच नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २००७ च्या भागात पश्चिम आशियातला एक निनावी देश आहे आणि आपण अमेरिकन सैनिक होऊन तिथल्या माणसांवर गोळ्या झाडतो. असा गेम खेळणाऱ्या मुलाशी त्यावर बोलायचं काम कोणतंही मंडळ करणार नाही. ते घरातल्या माणसाचं आहे. पण फोन हिसकावला जाईल या भीतीने मूल तोंडच उघडत नसेल, तर बोलणार कसं?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आज घरी गेल्यावर मुलाच्या फोनमधली जन्मतारीख तपासा. खोटी असेल तर त्याच्यासमोर बसून दुरुस्त करा, आणि खोटी कोणी टाकली तेही कबूल करा. मी भाच्याची माफी मागितली. मग आपाच्या फोनवर फॅमिली लिंक लावून दिलं, त्याला सांगून, लपून नव्हे.

दुसरी, गेम घेण्याआधी तो आकडा आणि त्याखालच्या ओळी मुलाकडूनच वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर आणखी चांगलं, त्याला समजावून सांगायला लावा. आकडा वयापेक्षा मोठा असेल तर ‘नाही’ म्हणा, आणि का ते सांगा. लहान असेल तरी एकदा शेजारी बसून वीस मिनिटं पाहा.

तिसरी, चालू सामन्यात फोन ओढू नका. तो सामना वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, मध्ये थांबवता येत नाही, आणि हा निघून गेला की सोबतचे तिघे अडचणीत येतात. आपण म्हणतो, “पाच मिनिटांत बंद कर,” आणि तो उद्धट वाटतो. “नऊनंतर नवा सामना सुरू करायचा नाही,” असं म्हणून पाहा. आपाच्या घरी ही अट बहुतेक दिवस पाळली जाते. रोज नाही. परवाच पुन्हा भांडण झालं. पण आता भाचा भांडतो आणि भांडून झाल्यावर जेवायला येऊन बसतो.

माइक अजून तो बंदच ठेवतो. अम्मीला त्याने त्यामागचं कारण गेल्या ईदनंतर सांगितलं. तिने फोन काढून घेतला नाही.