चार पाऊण तीन



मला इथे मोरा बंदरात यायला उशीर झाला. कार्यक्रम दहाचा, आणि नऊ वाजता पाणी तळाला गेलेलं. भाऊच्या धक्क्यावर लाँच बांधून ठेवलेली. मी सारखा घड्याळाकडे बघतोय आणि खलाशी बोटांची पेरं मोजतोय. "आज चौथ. चार पाऊण तीन. भरती तीनला." तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ हातात येते. 

बोटांच्या पेरांवर विज्ञान बाळगणाऱ्या या गावात माझ्या आधीच्या वक्त्यांनी ऐकवलं की विज्ञानाच्या युगात तत्त्वज्ञान हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. अध्यक्षाने शेवट गोड करायचा असतो म्हणतात. ते आज माझ्याकडून व्हायचं नाही.

वक्ते एकटे नाहीत. 2010 साली 'द ग्रँड डिझाइन'च्या सुरुवातीलाच स्टीफन हॉकिंग आणि त्यांच्या सहलेखकाने तत्त्वज्ञान मेल्याचं जाहीर करून टाकलं. आणि पुढे त्याच पुस्तकात काय? दोन निराळे सिद्धांत एकच अनुभव सारखाच नीट समजावत असतील, तर त्यातला खरा कोणता? 'खरं' म्हणायचं तरी कशाला? तिरडी बांधून झाली आणि मग मढ्याशीच मसलत!

पण हॉकिंग लांबचे. आपल्या दारातलं बोलू. 2015 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने रामदास जनार्दन कोळी यांच्या अर्जावर निकाल दिला. शेजारच्या मोठ्या बंदराच्या वाढीमुळे उरणच्या कोळीवाड्यांची मासेमारी बुडाली म्हणून 1630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये द्यावेत. भागाकार करा. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. रोजचे 800 रुपये धरले तर बरोबर 730 दिवसांची कमाई.

गणित चोख आहे, त्यात मला खोट काढायची नाही. भराव किती पडला, खारफुटी किती गेली, गाळ कुठे साचला, हे विज्ञानच सांगेल. तिथे तत्त्वज्ञाने लुडबुड करू नये. पण खाडी काय 730 दिवसांसाठी गेली? नुकसान म्हणजे बुडालेली मजुरी, की बापाने पोराला दाखवलेली आणि आता उपयोगी न पडणारी जागा? जी कोळंबी उद्या मिळाली असती तिच्यावर आज हक्क सांगता येतो का? आणि पाणी कुणाचं? सरकारचं, सगळ्यांचं, की पिढ्यान् पिढ्या त्यात जाळं टाकणाऱ्याचं? यातला एक तरी प्रश्न कुठल्या प्रयोगशाळेत नेऊन दाखवा. मी माइक खाली ठेवतो.

न्यायाधीशांना या प्रश्नांची उत्तरं धरूनच आकडा लिहावा लागतो. उत्तर कुणी उघड वाद घालून देतो, कुणी गुपचूप गृहीत धरतो. मंडळी, तुमच्या वाट्याला बहुतेक वेळा गृहीत धरलेलीच येतात, आणि त्याला 'तांत्रिक बाब' असं नाव असतं. म्हणून माझा राग विज्ञानावर नाही, या 'तांत्रिक'वर आहे.

आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांनाही सोडत नाही. अमळनेरला 1916 साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. माणूस गिरणीमालक, यंत्राची किंमत त्याला कुणी शिकवायला नको होती. तरी त्याला तत्त्वज्ञानाची गरज वाटली. साने गुरुजी तिथे शिकले. त्यानंतर आम्ही काय केलं? मोक्षाच्या व्याख्या परीक्षेपुरत्या घोकल्या, आणि भराव पडताना एकानेही खाडीवर येऊन 'मालकी म्हणजे काय?' असं विचारलं नाही. शिवाय आमच्यातले काही, ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं असं सांगत हिंडतात. समोर घारापुरीची लेणी आहेत. खडक फोडणाऱ्याला दगड कुठे चिरतो ते ठाऊक होतं, अणू ठाऊक नव्हता, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मागच्या रांगेत एक मावशी बसल्यात. मघाशी धक्क्यावर त्यांनी मला वाट दाखवली. रिकामी पाटी अजून पायाशी आहे. नवरा पकडतो, त्या विकतात. भरपाईत 'कुटुंब' एक. मग या पाटीचं नुकसान त्या 800 मध्ये धरायचं, की वेगळं? आणि धरायचं तर कुणाच्या हातात द्यायचं?

वक्तेसाहेब, तुम्ही इंजिनिअर आहात, आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेत. या, माइक घ्या. लाँचची काळजी नको. तीन वाजायला अवकाश आहे.