निवडुंग्या विठोबाचा निवडुंग

पुण्याच्या नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाचें देऊळ आहे. आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी येथें मुक्कामास असते. निवडुंगाच्या जाळींत मूर्ति सांपडली म्हणून देवास हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. देव सर्वांच्या परिचयाचा. त्याच्या नांवांतील झुडपाची हकीकत मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

मराठींत निवडुंग हें नांव दोन अगदीं निराळ्या कुळांस मिळालें आहे. त्रिधारी निवडुंग मूळचा इकडचा. तो मोडला कीं पांढरा चीक गळतो. परंतु निवडुंग म्हणतांच डोळ्यांपुढें येतो तो बहुधा फड्या. त्यास चीक नाहीं, आणि तो इकडचाही नव्हे. वेस्ट इंडीजचीं बेटें व त्यांभोंवतालचे उष्ण किनारे हें त्याचें माहेर. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोहोंचण्यापूर्वीं तो भारतांत नव्हता.

ज्यास लोक त्याचें पान समजतात तें वस्तुतः खोड होय. खरीं पानें इवलीशीं असून लवकर गळतात. दिवसा तो आपलीं सूक्ष्म रंध्रें मिटून घेतो व हवा रात्रीं आंत घेतो, म्हणून भर उन्हांतही त्याचें पाणी टिकतें. अशा ओबडधोबड फड्याच्या कडेवर लिंबासारखें पिवळें, रेशमी फूल उमलावें हें नवलच! बोंडें जांभळट लाल. कुसळें न झाडतां तीं खाणाऱ्या पोरांची जीभ दोन कारणांनीं लाल होते.

कुंपणासाठीं लावलेला हा पाहुणा पुढें शेतांत शिरला. तोडलेला तुकडा पडेल तेथें मूळ धरी. त्यामुळें कुऱ्हाडीनें तो वाढतच जाई. दुष्काळांत मात्र कांटे जाळून तोच गुरांस चारीत, तेव्हां त्यास निव्वळ शत्रु म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

त्याचा पाडाव केला एका किड्यानें. किरमिजी रंगांतील स्पेनची मक्तेदारी मोडावी म्हणून १७९५ सालीं ब्राझीलहून रंगाचा किडा बंगालमध्यें आणला गेला. पण तो भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका, शिवाय त्यानें निवडुंगाची दुसरीच एक जात फस्त केली, फड्यास तो शिवला नाहीं. पुढें १९२६ सालीं लंकेहून निराळी जात मुद्दाम आणून दक्षिण भारतांत सोडण्यांत आली. हिनें फड्यावर कापसासारखे पुंजके धरले, रस शोषला, आणि थोड्याच वर्षांत विस्तीर्ण रानें मोकळीं झालीं. निवडुंगाच्या ह्या कुळावांचून तो किडा जगत नाहीं; म्हणून पिकें सुरक्षित राहिलीं, आणि चिकाचा त्रिधारी निवडुंगही बांधाबांधांवर तसाच उभा राहिला.