मागच्याचा पुढचा कोण?

(नौबाद येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नौबादचा कारेझ आपल्या परिचयाचा आहे. बहामनी काळातला हा भुयारी जलमार्ग. वरून ओळीने खणलेल्या विहिरी आणि त्यांना खालून जोडणारे भुयार. पाणी उताराने आपोआप वाहते. मध्येच कुठे माती ढासळली, तर कोरडे पडते ते खालचे टोक. पण तिथे खणून उपयोग नाही. एकेक विहीर तपासत मागे जावे लागते.

आजचा माझा विषय संगणकाचा असला, तरी न्याय हाच आहे.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्यातली फाइल व्यवस्था वापरातल्या फाइलींच्या नोंदी साखळीत ओवते. प्रत्येक कडीजवळ दोन पत्ते असतात: मागे कोण आणि पुढे कोण. कडी काढताना मागच्याला नवा पुढचा सांगायचा, पुढच्याला नवा मागचा. तेवढ्यात दुसऱ्याने हात घालू नये म्हणून कुलूप लावायचे.

एक छोटी फाइल व्यवस्था लिहिताना मी एके ठिकाणी हे कुलूप विसरलो. यंत्र दिवसभर नीट चाले आणि डिस्क अनमाउंट करताना कोसळे. चार दिवस मी अनमाउंटचाच कोड वाचत बसलो. तो निर्दोष होता. तो साखळीवरून चालत होता आणि माझ्या चुकीने मागे राहिलेल्या मेलेल्या कडीवर त्याचा पाय पडत होता.

यावर कर्नेलमध्येच उपाय आहे. साखळी तपासण्याची सोय चालू केली, की कडी जोडताना आणि काढताना शेजाऱ्यांची साक्ष घेतली जाते. काढलेल्या कडीत मुद्दाम विषारी पत्ते भरले जातात. ६४ बिटांच्या नेहमीच्या यंत्रांवर त्यांची सुरुवात डी-ई-ए-डी या अक्षरांनी होते. २०१५ पासून लिनक्समध्ये असलेले कासान हे साधन तर मोकळी केलेली स्मृती कोणी वापरली आणि ती कोणत्या वाटेने मोकळी झाली, हेही दाखवते. ही सोय चालू करताच दोष कोसळण्याच्या जागेऐवजी कडी काढण्याच्या जागी दिसला. कुलूप लावले; दोष मिटला.

आता भाषेचे. या बिघाडाला इंग्रजीत 'करप्शन' म्हणतात. कोशात पाहून कोणी 'भ्रष्टाचार' लिहिले, तर विद्यार्थी हसेल आणि मुद्दा निसटेल. 'साखळी तुटली' हेही पुरेसे नाही, कारण कडी बहुधा चुकीच्या जागी जोडलेली असते. कर्नेलचा इशारा मी वर्गात असा सांगतो: "मागच्याचा पुढचा मी असायला हवा होतो, तिथे भलताच कोणी आहे." नात्यागोत्यांत वाढलेल्या मुलाला हे लगेच कळते.

पारिभाषिक शब्द जरूर घडवू या. पण त्याआधी, बिघाड कुठे दिसतो आणि कुठे घडतो, हे मुलाला आपल्या बोलीत विचारता यावे. तो प्रश्न सुचला, की तो खालच्या टोकाला खणत बसणार नाही. विहिरी तपासत मागे जाईल.