फॉरमॅट मारण्याआधी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आनंदाच्या दिवशी कॉम्प्युटरचं रडगाणं कशाला, असं वाटेल. पण आपली मेंटेनन्सची खाती, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं, सगळं आता ऑफिसातल्या एका डब्यात आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन ऑडिटच्या तोंडावर तो सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने बघताक्षणी निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल." सेक्रेटरींचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा, कुलूप बिघडलंय. तिजोरी आत तशीच असेल.

विंडोज न उघडणं वेगळं आणि फायली जाणं वेगळं. साताऱ्याहून आलेल्या भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह केला. 'स्टार्टअप रिपेअर' दोनदा चालवलं, उपयोग झाला नाही. मग तिने पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू केलं आणि सगळ्या फायली बाहेर काढल्या. त्यानंतर खुशाल फॉरमॅट मारलं. ऑडिट वेळेत झालं.

हे कुणालाही जमेल, फक्त मशीन धडधाकट असताना करून ठेवा. विंडोजच्या सर्चमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' टाइप करा, १६ जीबीचा पेन ड्राइव्ह लावा, पुढे सांगेल तसं करा. त्या पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका! वेळ आली की तो लावून मशीन चालू करताना डेल, लेनोवोवर बहुधा एफ-१२ आणि एचपीवर एफ-९ दाबत राहायचं. तिथे 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' असा पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका, तो तुमच्या फायलीही साफ करतो. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी किल्ली मागतो. ती आजच वहीत उतरवून ठेवा.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. तेव्हाही मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीसाठी काढलं ते यूएसबीवरचं साधनच.

मात्र या पेन ड्राइव्हमध्ये तुमचे हिशेब नसतात. त्यांची प्रत वेगळी हवी, आणि ती त्याच टेबलाच्या खणात नको. सांगलीकरांना हे मी काय सांगणार? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि शेजारची हार्डडिस्क, दोन्ही एकाच पाण्यात. म्हणून सोसायटीची एक प्रत आता वरच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या कपाटात असते आणि दुसरी साताऱ्यात भाचीकडे. ती दर तिमाहीला बदलतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी ऑफिसात बसणार आहे. लॅपटॉप आणि रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन या. तासभर लागतो, चहा सोसायटीचा.