वासराचा पाय मोडला तर

 

वासराचा पाय मोडला की आपल्याकडे लगेच म्हणतात, "गेलं आता हे." पाडी असेल तर थोडी धावपळ होते, पाडा असेल तर तेवढीही नाही. पण मोठ्या गाईचा पाय मोडणं वेगळं आणि वासराचा वेगळा. वासराचं वजन कमी, हाड वाढीचं, म्हणून ते लवकर सांधतं. हाड गुडघ्याखाली मोडलं असेल, कातडी फाटली नसेल आणि वेळेवर प्लास्टर झालं, तर बरीचशी वासरं चार ते सहा आठवड्यांत चालायला लागतात.

पाय मोडतो कसा? कधी गायच वासरावर पाय देते. कधी पावसात शेताच्या बांधावरून घसरतं. वडखळ, नागोठणे, कोलाड या बाजूला हायवेवर गाडीची धडक बसते. आणि कधी गाय विताना अडलेलं वासरू दोरी लावून जोरात ओढलं जातं. तेव्हा दोन माणसांपेक्षा जास्त जोर लावू नका. गाय कळ देईल तेव्हाच ओढा. येत नसेल तर थांबा आणि डॉक्टरांना बोलवा.

आता पाय मोडलाच तर काय करायचं? वासराला उठवू नका, चालवून बघू नका. पेंढ्यावर निजवा, एकीने डोकं धरा. गुडघ्याखाली मोडलं असेल तर पायाभोवती कापूस किंवा जुन्या लुगड्याचा मऊ धडपा गुंडाळा. बांबूच्या दोन कामट्या खुरापासून गुडघ्याच्या वरपर्यंत दोन बाजूंना ठेवा आणि फडक्याच्या पट्ट्यांनी बांधा. सुतळीने आवळू नका, रक्त अडतं. खूर गार पडलं तर पट्ट्या सैल करा. मांडीचं किंवा खांद्याजवळचं हाड मोडलं असेल तर घरी काही बांधू नका. अर्धवट कामट्यांचा भार मोडलेल्या जागेवरच येतो.

हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवा, स्वच्छ फडक्याने झाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळद, शेण, राख काही भरू नका. तेल लावून चोळणं तर अजिबात नको. चोळल्याने हाडाची टोकं हलतात आणि आतलं मांस फाटतं.

मग जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या नंबरवर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

पेणच्या बायांना प्लास्टर नवं नाही, गणपतीच्या कारखान्यात हात माखलेलेच असतात. पण ते प्लास्टर घरी वासराला थापू नका. ओलं प्लास्टर सुकताना तापतं आणि खाली कापसाचा थर नीट नसेल तर कातडी भाजते. हाड जागेवर बसवून प्लास्टर घालणं डॉक्टरांचंच काम.

घरातली माणसांची दुखण्याची गोळीही देऊ नका. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडंही मरतात. आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याच्या चिरगावला गिधाडं टिकावीत म्हणून माणसं झटतायत. डॉक्टरांना विचारा, मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आहे.

प्लास्टर घातल्यावर खरं काम आपलं. वासरू कोरड्या पेंढ्यावर, छोट्या जागेत, आई दिसेल असं ठेवा. पडून राहत असेल तर दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला. पोटाखाली गोणपाट घालून उचला आणि आचळाला लावा. वीस किलोच्या वासराला दिवसाला साधारण दोन लिटर दूध लागतं. नुकतं जन्मलेलं असेल तर पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, पाय मोडला म्हणून तो चुकवू नका. बाटलीने पाजताना घाई नको, दूध फुप्फुसात जातं.

प्लास्टर ओलं होऊ देऊ नका. रोज त्याला नाक लावून बघा. वास आला, वरचा भाग सुजला, किंवा वासराने दूध सोडलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. वासरू वाढत असतं, त्यामुळे प्लास्टर घट्ट होतं आणि मध्येच बदलावं लागू शकतं.

सगळीच वासरं वाचत नाहीत, हेही सांगते. हाड बाहेर येऊन जखम चिघळली, किंवा मांडीचं हाड मोडलं, तर काम अवघड. तेव्हा खर्च किती, आशा किती, हे डॉक्टरांना सरळ विचारा. विचारण्यात लाज नाही. पण न दाखवताच वासराला सोडून देऊ नका.

आता बचत गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत एका डब्यात कापसाचा गुंडाळा, चार पट्ट्या आणि तासून गुळगुळीत केलेल्या कामट्या ठेवा. झाकणावर १९६२ लिहा. डबा कोणाच्या घरी आहे, ते सगळ्यांना माहीत असू द्या. रात्री-अपरात्री गोठ्यातून हाक आली की शोधाशोध नको.

बरं तर मैत्रिणींनो, वासरांना जपा, स्वतःलाही जपा. नमस्कार.