कोळंबीचे पाळणाघर



खाडीत मिळणारी पांढरी कोळंबी जन्मते कुठे, ठाऊक आहे? तिचा जन्म समुद्रात होतो. मादी तिथे लाखो अंडी सोडते. एका दिवसात अंड्यांतून पिल्ले निघतात. ती इतकी बारीक, की डोळ्यांना धड दिसत नाहीत. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ त्यांना नसते. किनाऱ्यालगतचे पाणी नेईल तिकडे ती जातात. पुष्कळशी वाटेतच माशांच्या पोटी जातात.

दोनतीन आठवड्यांत उरलेली पिल्ले खाडीच्या तोंडाशी येतात. आता त्यांची युक्ती पाहा. भरती आली, की ती तळ सोडून वर येतात आणि पाण्याबरोबर आत शिरतात. ओहोटी लागली, की तळच्या चिखलाशी बसून राहतात. असे करीत ती तिवरांच्या आणि कांदळांच्या मुळांपाशी पोचतात. तिथे खायला मिळते, मोठ्या माशांपासून आडोसाही मिळतो. काही महिने वाढून ती पुन्हा समुद्राकडे जातात. बोय माशाची पिल्लेसुद्धा अशीच समुद्रातून खाडीत येतात.

"चिखलातले झाड, त्याचा काय उपयोग?" असे आम्ही खाडीकाठच्या गावांत पुष्कळदा ऐकले. उपयोग हाच! तिवरे तोडली किंवा बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लेच उपसली, तर पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवने तोडण्यास मनाई केली. पण न्यायालय काही खाडीवर पहाऱ्याला बसत नाही. राखण आपणच करायची.